एका इंजिनाचा कुलवृत्तांत

आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत छापून काढण्याची हौस मराठी माणसाला जुनीच आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या घरांतून तर जाड पुठ्ठ्याचा, पिवळ्या पडलेल्या पानांचा असा एखादा ग्रंथ कपाटात हमखास सापडतो. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावाहून निघाला, कोणत्या शाखेत कोण कर्तबगार निपजला, हे सारे त्यात असते. कोणत्या शाखेला कोणते दुखणे पिढीजात लागले, एवढे मात्र त्यात नसते. ते घरातील वृद्ध स्त्रियांना विचारावे लागते. या महिन्यात आम्ही जो कुलवृत्तांत सांगणार आहोत त्यात दुखण्यांचा भागही येईल, कारण हे घराणे माणसांचे नसून मोटारीच्या इंजिनांचे आहे आणि त्याची अब्रू झाकण्याची जबाबदारी आमच्यावर नाही.

निमित्त झाले ते बडोद्याच्या एका वाचकांच्या पत्राचे. ते नुकतेच सेवानिवृत्त झाले आहेत. हाती आलेल्या रकमेतून एक जुनी पण ऐसपैस मोटार घ्यावी, असा त्यांचा मानस आहे. दोन स्कोडा सुपर्ब गाड्या त्यांनी पाहून ठेवल्या आहेत. एक २०१२ सालची, दुसरी २०१७ सालची. दोन्ही पेट्रोलच्या, दोन्हींवर ‘टीएसआय’ ही अक्षरे. पहिलीची किंमत दुसरीच्या निम्म्याहून कमी आहे. चिरंजीव म्हणतात, “बाबा, इंजिन एकच आहे, स्वस्तातली घ्या.” गॅरेजवाला म्हणतो, “टर्बो पेट्रोल म्हणजे दारी हत्ती बांधणे आहे, दोन्ही सोडा.” कोणाचे ऐकावे, असा त्यांचा प्रश्न आहे. आम्ही मराठीचे अध्यापक. परंतु नाव एक असले तरी पिढी एक नसते, हे शाळेच्या हजेरीपटावर नातवंडांची नावे घालताना आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. या प्रश्नाचे उत्तरही तेथेच आहे.

घराण्याचे नाव ईए ८८८. आडनाव म्हणून हे रुक्ष आहे खरे. जर्मनीच्या फोक्सवागन समूहात नव्या इंजिनाचे काम हाती घेतले म्हणजे त्याला एक क्रमांक मिळतो, आणि ‘ईए’ ही आद्याक्षरे ‘विकासाची आज्ञा’ अशा अर्थाच्या जर्मन शब्दाची आहेत. जोपासना झाली ती मुख्यतः त्याच समूहातील ऑडी कंपनीच्या अभियंत्यांकडून, आणि या इंजिनांचे मोठे उत्पादनकेंद्र म्हणजे हंगेरीतील ग्यॉर हे गाव. व्हिएन्ना आणि बुडापेस्ट यांच्या साधारण मध्यावर असलेल्या या गावी ऑडीने १९९३ साली कारखाना काढला. पुढे मेक्सिको व चीन येथेही या घराण्याच्या शाखा पसरल्या. घरात मुख्य भाऊ दोन. एक १७९८ घनसेंटिमीटरचा, दुसरा १९८४ चा. दोघांच्याही चारही सिलिंडरांचा व्यास ८२.५ मिलिमीटरच आहे. धाकट्याचा दट्ट्या ८४.१ मिलिमीटर सरकतो, थोरल्याचा ९२.८. एवढाच काय तो फरक.

आता थोडे मागे जाऊ. आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे ‘मोटार’ म्हटले की अँबॅसडर येते. तिचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचे असे आणि अश्वशक्ती सुमारे ५०. सुपर्ब २००९ साली भारतात आली तेव्हा तिच्यातील १७९८ घनसेंटिमीटरच्या इंजिनाची अश्वशक्ती १६० होती. आकारमान एक पंचमांशाने अधिक, शक्ती तिपटीहून जास्त! ही सगळी वाढ टर्बोची नव्हे. झडपांची रचना, इंधनाची मोजणी, धातूंची प्रत या सर्वांत मधल्या चाळीस-पन्नास वर्षांत सुधारणा झाली. पण टर्बोवाचून हा पल्ला गाठता आला नसता.

इंजिनात पेट्रोल जळते असे आपण म्हणतो. पण जळण्यास हवा लागते, आणि ती थोडीथोडकी नव्हे. एक किलो पेट्रोल पुरते जाळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे इंजिनाची ताकद पेट्रोलच्या नळीवर अवलंबून नसून त्याच्या छातीत किती हवा मावते यावर आहे. लोहाराच्या भट्टीला भाता का लागतो, चुलीपुढे फुंकणी का असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला टर्बो समजावून सांगण्याची गरज नाही. प्रश्न एवढाच, की भाता हलवायचा कोणी? इंजिनानेच हलवला तर त्याची काही ताकद त्यातच खर्ची पडते. टर्बोची खुबी अशी, की तो हा भाता धुराकडून हलवून घेतो. पेट्रोलमधील एकूण ऊर्जेचा सुमारे तिसरा हिस्सा तापलेल्या धुराबरोबर सायलेन्सरवाटे फुकट जातो. त्या धुराच्या वाटेत एक लहानसे पात्यांचे चाक बसवायचे. त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक, जे बाहेरची हवा दाबून आत ढकलील. शिळ्या पोळीला फोडणी देऊन सकाळची न्याहारी करावी, तसलाच हा संसारी प्रकार आहे. मात्र ती दांडी मिनिटाला लाखाहून अधिक, प्रसंगी दीड-दोन लाख फेरे घेते, आणि तिच्या एका बाजूचा धूर हजार अंशांच्या आसपास तापलेला असतो. तिला आधार काय तो तेलाच्या पातळशा थराचा. ही गोष्ट वाचकांनी मनात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

‘टर्बो’ हा शब्द मूळ लॅटिन. त्याचा अर्थ भोवरा: मुलांच्या हातातला तर खराच, शिवाय वावटळही. आपल्या ‘भोवरा’ शब्दातही खेळणे आणि नदीतील गरगरते पाणी हे दोन्ही अर्थ नांदतात. दोन दूरदेशींच्या भाषांना एकच गोष्ट सुचावी, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते. असो.

या कल्पनेचा मूळ पुरुष स्वित्झर्लंडमधील विंटरथूर गावचा आल्फ्रेड ब्युखी. त्याने १९०५ साली पेटंट घेतले. प्रथम ती वापरात आली जहाजांच्या व आगगाड्यांच्या मोठ्या डिझेल इंजिनांत, पुढे मालमोटारींत. पेट्रोलच्या मोटारीत मात्र ती सुखासुखी नांदेना. कारण डिझेल इंजिन नुसती हवा दाबते आणि इंधन ऐनवेळी सोडते. पेट्रोल इंजिनात हवा व पेट्रोल यांचे मिश्रणच दाबले जाई. हवा आधीच दाबून, तापवून आत घातली, की ठिणगी पडण्यापूर्वी वा पडताच ते मिश्रण भलत्या जागी भडकते आणि दट्ट्यावर हातोड्याचे घाव बसल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. अमेरिकेत १९६२ साली ओल्डस्मोबिल जेटफायर ही टर्बोची गाडी निघाली. तिच्या नॉकिंगवर उपाय म्हणून पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडावे लागे. मालक ती टाकी भरावयास विसरत. मग भोवरा असून नसल्यासारखाच! अखेर कित्येक गाड्यांतून टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवावा लागला. इंजिन उत्तम, पण मालकाच्या सवयीशी त्याचे जमले नाही, असे हे पहिले उदाहरण.

बीएमडब्ल्यूने १९७३ च्या सप्टेंबरात २००२ टर्बो ही गाडी दाखविली आणि ऑक्टोबरात जगावर तेलसंकट कोसळले. सारी मिळून १६७२ गाड्या झाल्या आणि खेळ संपला. खरी वाट दाखविली ती स्वीडनच्या साब कंपनीने. तिच्या १९७७ साली पुढे आलेल्या ९९ टर्बो गाडीत हेतू शर्यतीचा नव्हता. दोन लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनाने रोजच्या रस्त्यावर, कमी फेऱ्यांतही, मोठ्या इंजिनासारखे ओढावे, हा विचार तिथे प्रथम ठामपणे आला. ईए ८८८ हे त्याच विचाराचे वारस म्हणावयास हरकत नाही.

वारशाला जोर आला तो कायद्याने. युरोपीय संघाने २००९ साली नियम केला, की नव्या मोटारींच्या धुरातील कर्बवायू सरासरीने किलोमीटरमागे १३० ग्रॅमांवर आणावा. मोठी इंजिने लहान करणे भाग पडले आणि लहानाकडून मोठ्याचे काम घेणे आले. त्यास दुसऱ्या एका युक्तीने हात दिला: पेट्रोल झडपेमागे न फवारता थेट सिलिंडरात, तेही मोठ्या दाबाने, फवारणे. फवारा आत वाफ होताना आतील हवा थंड करतो. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते तेच हे कारण. नॉकिंगची धास्ती कमी झाली आणि पेट्रोल इंजिनाने टर्बोशी संसार थाटला.

पहिली पिढी २००६-०७ च्या सुमारास आली. तिच्या आधीच्या इंजिनात झडपांचा दांडा दातेरी पट्ट्याने फिरे. येथे त्याजागी साखळी आली, जी जन्मभर बदलावी लागणार नाही असा समज होता. दुसरी पिढी २००८ ची. ऑडीच्या ए-४ गाडीत दोन लिटरच्या इंजिनाने २११ अश्वशक्ती आणि अवघ्या १५०० फेऱ्यांपासून ३५० न्यूटन मीटरचा पीळ दिला. याच दोन पिढ्यांत घराण्याची दुखणीही उघड झाली.

पहिले दुखणे साखळीचे. साखळी ताणून धरणारा जो तेलाच्या दाबावरचा ताणक असतो, त्याची जुनी घडण कच्ची निघाली. तो सैल पडला की साखळी दात चुकते, झडपा दट्ट्यांवर आपटतात आणि इंजिन जागच्या जागी मोडते. पुढे ताणकाची रचना बदलण्यात आली. दुसरे दुखणे तेल पिण्याचे, विशेषतः दुसऱ्या पिढीतील दोन लिटरच्या भावाचे. घर्षण कमी व्हावे म्हणून दट्ट्यावरील तेल निपटणाऱ्या कड्या बारीक केल्या. त्यांच्या मागची तेल परतण्याची छिद्रे काजळीने बुजली, आणि तेल वर चढून जळू लागले. या दोन्ही दुखण्यांपायी अमेरिकेतील मालकांनी सामूहिक दावे लावले व कंपनीने तडजोड केली. तिसरे दुखणे थेट फवाऱ्याचेच अपत्य. पूर्वी पेट्रोल झडपेवरून वाहत जाई आणि तिला धुऊन काढी. आता ते झडपेला शिवतच नाही. इंजिनाच्या पोटातील तेलाची वाफ मात्र त्याच वाटेने आत येते आणि झडपेच्या पाठीवर थर साचतो. तो काढण्यासाठी परदेशांतील गॅरेजांतून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. अक्रोडाचा एवढा उपयोग आमच्या आजीलाही सुचला नसता!

तिसरी पिढी २०११ पासून आली, आणि येथे घराण्याने शहाणपण शिकल्याची खूण दिसते. बिडाच्या ठोकळ्याची भिंत सुमारे साडेतीन मिलिमीटरवरून तीनवर आली. पण आमच्या मते खरी सुधारणा निराळीच आहे. धूर बाहेर नेणारा नळ इंजिनाच्या डोक्यातच ओतून घेतला आणि त्याच्याभोवती पाणी खेळविले. जुनी टर्बो इंजिने भर वेगात धूर फार तापू नये म्हणून जादा पेट्रोल नुसते थंडाव्यासाठी फवारीत. पाय जोरात दाबला की ‘ॲव्हरेज’ घसरे, त्याचे हे एक कारण. आता ते काम पाणी करू लागले, आणि थंडीच्या सकाळी त्याच धुराने पाणी लवकर तापून इंजिनही लवकर ऊबदार होऊ लागले. युरोपातील गाड्यांत झडपेमागचा जुना फवाराही परत आणला, म्हणजे झडप धुतली जाईल. पुढची पायरी २०१५ ची. राल्फ बुडाक या अभियंत्याच्या नावाने ती ओळखली जाते. हवा आत घेणारी झडप नेहमीपेक्षा लवकर मिटवायची, आणि दाबाचे प्रमाण ९.६ वरून ११.७ पर्यंत चढवावयाचे. घास लहान, पण चावणे नीट. चौथी पिढी २०२० ची, ३५० बारच्या फवाऱ्याची. २०२५ साली भारतात आयात होऊ लागलेल्या गोल्फ जीटीआय गाडीत तिची २६५ अश्वशक्ती आहे. ती आपल्या प्रांतीच्या रस्त्यांवर कोणी कोठे वापरावी, हा प्रश्न आम्ही विचारीत नाही.

महाराष्ट्राशी या घराण्याचा सोयरसंबंध जुळला तो औरंगाबादजवळच्या शेंद्रा येथे (शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर). लॉरा, सुपर्ब, ऑक्टाव्हिया, कोडियाक या गाड्या तेथे जुळविल्या गेल्या, आणि त्यांतून हे इंजिन आपल्याकडच्या डॉक्टरांच्या, वकिलांच्या दारी पोचले. एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम लागू झाले तेव्हा या समूहाने भारतात डिझेल सोडलेच. सुपर्बही त्यानंतर थोरल्या भावासह, १९० अश्वशक्तीची, येऊ लागली. डिझेलवर श्रद्धा असलेल्या कुटुंबांना टर्बो पेट्रोलपुढे उभे राहावे लागले ते असे.

आता आमच्या वाचकांचे उत्तर. चिरंजीवांचे “इंजिन एकच” हे म्हणणे नावापुरते खरे आहे. २०१२ ची गाडी जुन्या पिढीची, २०१७ ची तिसऱ्या पिढीची. मधे घराण्याने बरेच भोगून बरेच सुधारले आहे. शिवाय पहिल्या गाडीची नोंदणीची पंधरा वर्षे २०२७ साली पुरी होतात. मग तपासणी, नूतनीकरण आणि त्याचा खर्च. आमचा कौल दुसऱ्या गाडीकडे आहे. पहिलीच घ्यावयाची झाली, तर साखळी व ताणक बदलल्याची पावती पाहिल्यावाचून घेऊ नये. पावती नसेल तर तो खर्च किमतीत धरावा.

गॅरेजवाल्याचा हत्ती मात्र आम्ही सर्वस्वी झटकून टाकीत नाही. फरक पडतो तो गाडी कशी वापरायची यावर. पत्रात त्यांनी लिहिले आहे, की गाडी बहुधा मंडईपर्यंत व देवळापर्यंत जाईल, महिन्या-दोन महिन्यांत एकदा लेकीकडे अहमदाबादेस. तेथे आम्हांस काळजी वाटते. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापतच नाही. थंड भिंतीवर पडलेले पेट्रोल तेलात उतरते, ओलावा उडून जात नाही, झडपांवरचा थर वाढतो. साधे, टर्बोवाचूनचे इंजिन हे पुष्कळ काळ निमूट सोसते. हे सोसत नाही. रोजची धाव मंडईपुरतीच असेल तर टर्बो नसलेली लहान गाडी घ्यावी आणि उरलेली रक्कम बँकेत ठेवावी, हे आम्ही स्पष्ट सांगतो. सुपर्बच हवी असेल तर आठवड्यातून एकदा तिला एक्स्प्रेस वेवर अर्धा-पाऊण तास मोकळी धावू द्यावी. मातोश्रींना डाकोरचे दर्शनही अधूनमधून घडेल.

तेलाविषयी कंजुषी नको. ती दांडी ज्या थरावर तरंगते तो थर म्हणजे हे तेल. कंपनीने ठरविलेला मानांक डब्यावर छापलेला असतो, तो पाहूनच घ्यावे. आणि पुस्तकात लिहिलेल्या अंतराची वाट न पाहता, शहरातल्या फेऱ्या जास्त असतील तर आधीच बदलावे. आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीत सकाळी गाडी काढण्यापूर्वी बॉनेट उघडून तेलाची पट्टी पाहण्याचा रिवाज होता. नव्या गाड्या आल्या आणि बॉनेट उघडणे बंद झाले. ऑडीच्या काही गाड्यांत तर ती पट्टीच उरली नाही, आकडा पडद्यावर पाहावयाचा. सुपर्बमध्ये ती आहे. पंधरा दिवसांनी एकदा पाहावी.

चढावर, म्हणजे बेळगावकडच्या वाचकांस चोरल्यात, वरच्या गिअरमध्ये कण्हत गाडी ओढू नये. कमी फेऱ्यांत जास्त ओझे पडले की या जातीच्या इंजिनात मिश्रण वेळेआधी पेटण्याचा धोका असतो आणि तो नॉकिंगहून वाईट. एका घावात दट्ट्या फुटू शकतो. यापासून राखणारी तेलेच २०१८ पासून निराळ्या मानांकाने निघू लागली, यावरून त्याचे गांभीर्य कळावे. लांबच्या प्रवासानंतर अर्धा-एक मिनिट इंजिन तसेच चालू ठेवून मग बंद करावे. बंद केल्यावरही पाणी फिरविणारा विजेचा पंप या इंजिनात आहे, तथापि दांडीजवळचे तेल भाजून तिथेच खरपुडी धरू नये यासाठी एवढा विसावा बरा. पेट्रोलविषयी एक शंका पुष्कळांच्या मनात आहे, ती वीस टक्के इथेनॉलची. इथेनॉल नॉकिंगला आवर घालते, ही टर्बोच्या सोयीची गोष्ट. पण त्यातील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच असल्याने ॲव्हरेज थोडे उतरणारच. आणि रबरी नळ्या व सील त्यास चालणारे आहेत की नाहीत, हे २०१७ च्या गाडीबाबत कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

राहिले गाडी पाहणे. मेकॅनिकला बरोबर न्यावे, पण कान आपले उघडे ठेवावेत. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळी खुळखुळली, तर ताणकाची शंका घ्यावी. एकदा इंजिन तापले की तो आवाज लपतो. म्हणून पाहणीस सकाळी लवकर जावे, आल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवून पाहावा, आणि ते ऊन लागले, तर चहा घेऊन, नमस्कार करून, दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा जावे.